नाडी-पाच आणि भूपालअण्णांचा आवाज

भूपालअण्णा मगदूमांनी उभ्या आयुष्यात एकही कुस्ती खेळली नाही, तरी जयसिंगपूरच्या आसपास त्यांच्यावाचून मैदान भरत नसे. अण्णा निवेदक. समोरचे दोन गडी एकमेकांचा अंदाज घेत नुसती खडाखडी करत असले, तरी माईक हातात आला की अण्णा असं काही बोलायचे की झाडावर बसलेली पोरं फांदी सोडून टाळ्या वाजवायची. आणि अशा माणसाची दैवानं काय थट्टा करावी! दोन वर्षांपूर्वी, म्हणजे २०४१ च्या श्रावणात, सकाळी दाढी करता करता अण्णा कोसळले. पक्षाघात. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही गेली.

मेंदूत शब्द तयार व्हायचे, पण तोंडापर्यंतची वाट बुजली होती. मग डॉक्टरांनी कवटीच्या आत, थेट मेंदूवर, पोस्टाच्या तिकिटाएवढी एक जाळी अंथरली. जीभ हलवायचा हुकूम मेंदूनं सोडला की जाळी तो टिपायची, कमरेच्या पट्ट्यातला छोटा संगणक त्याचे शब्द करायचा आणि गळ्याशी लावलेला स्पीकर ते बोलायचा. या सगळ्या कारभाराचं नाव ‘वाणी’. आवाज अण्णांचाच, जुन्या रेकॉर्डिंगवरून शिकवलेला. पण त्यात एक घोळ झाला होता. सगळी रेकॉर्डिंग मैदानातली, त्यामुळं अण्णा घरातही मैदानी आवाजातच बोलायचे. आमटीत मीठ कमी पडलं की ते अख्ख्या अकराव्या गल्लीला कळायचं.

वाणी बसवली होती ती त्यांच्या लेकीनं, त्रिशलानं. ती कोल्हापुरात एका डेटा सेंटरमधली दीडशे लिनक्स यंत्रं सांभाळायची, त्यामुळं वडिलांच्या कमरेला एकशेएक्कावन्नावं आलं तर तिला त्याचं काही विशेष वाटलं नाही. आज मात्र तिलासुद्धा धीर धरवत नव्हता. ‘चाल’ आली होती! उजव्या पायाला बांधायचे हलके पट्टे, गुडघ्याशी आणि घोट्याशी बारक्या मोटारी, आणि हुकूम त्याच जाळीतून. दुपारी चारला आंबेवाडीत मैदान होतं. तिथली मंडळी अण्णांना न्यायला जीप पाठवणार होती, खुर्चीसकट उचलून आखाड्यात ठेवायलाही तयार होती. अण्णांनी साफ सांगितलं होतं, “खुर्चीवरून गेलो तर लोक मला बघतील, कुस्ती कोण बघणार? चालत गेलो तर जाईन, नाहीतर नाही.”

आणि दुसरी गोष्ट त्यांची बायको पद्मावती हिच्या पाठीची. दोन वर्षं दिवसातून चार-पाचदा अण्णांना उचलून तिच्या मणक्यांनी राम म्हटला होता. यापुढं वजन उचललंत तर तुम्हीही आडव्या व्हाल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती “बरं” म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उचलायला लागली.

तर सकाळी नऊला अण्णांच्या पायाला पट्टे बांधून आणि कमरेचा संगणक जोडून त्रिशला लॅपटॉप घेऊन बसली.

लिनक्स या संगणकप्रणालीवर कुठलंही पॅकेज, म्हणजे प्रोग्रामचं गाठोडं, एकटं येत नाही, गोतावळा घेऊन येतं. चहा ठेवायचा तर दूध लागतं, दुधाला पातेलं, पातेल्याला शेगडी. तसंच इथं एका पॅकेजला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं, आणि कुणाला काय हवं, कितव्या आवृत्तीचं हवं, हे ज्यानं त्यानं आपापल्या चिठ्ठीत लिहून ठेवलेलं असतं. त्या सगळ्या चिठ्ठ्या वाचून सर्वांचं जमवून द्यायचं काम इन्स्टॉलर करतो. नाहीच जमलं तर तो कुणाला तरी घराबाहेर काढतो. पण काढायच्या आधी यादी दाखवतो आणि विचारतो, एवढा सज्जन असतो बिचारा.

पडद्यावर नावं सरकायला लागली आणि अण्णांना काही राहवेना.

“आणि मंडळी, भांडारातून निघालेत बघा एकामागून एक गडी! तोल-नियंत्रक आला. गुडघा-चालक आला. काय छाती, काय मांड्या! आणि हा बघा, हा बघा, सगळ्यांत थोराड, ज्याची वाट बघत होता तो, नाडी-पाच!”

“अण्णा, जरा हळू. समोरच्या काकू बाहेर आल्या बघायला.”

“येऊ देत! तिकीट लावलंय का आपण?”

पद्मावती दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. त्रिशलाही हसत होती. तेवढ्यात यादी आली. नवीन येणार एकोणीस, बदलणार एक, काढणार एक. पुढं जायचं? या प्रश्नाला त्रिशला रोज चाळीस वेळा ‘हो’ म्हणायची. बोट आधी आणि डोळे मागून, ही संगणकवाल्यांची जुनी खोड. तिनं ‘हो’ दाबलं.

“आणि नाडी-पाचनं मैदानात उतरून शड्डू ठोक...”

अण्णांचा आवाज तिथंच तुटला. पण त्या क्षणी ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही, कारण पायाच्या मोटारी गुणगुणल्या आणि अण्णा उठले. खुर्चीचा हात डाव्या हातानं दाबून, डोळे विस्फारून, अण्णा चक्क आपल्या पायांवर उभे राहिले!

“अगं बाई! अहो, उभे राहिलात की!” पद्मावती धावली, आणि सवयीनं त्यांच्या काखेत हात घालून उचलायला वाकली. उचलायला काही शिल्लकच नव्हतं. ती तशीच वाकलेली राहिली आणि रडायला लागली. मग डोळे पुसून म्हणाली, “आता गप्प का? एरवी बोलून कान किटवता. बोला की काहीतरी!”

अण्णांनी गळ्याजवळच्या स्पीकरवर दोनदा टिचकी मारली.

त्रिशलानं पडद्यावरच्या ओळी मागं सरकवल्या. ‘काढलं : वाणी-मराठी.’

“माझं चुकलं,” ती म्हणाली. “न वाचता हो म्हटलं मी.”

भानगड अशी होती. वाणी काय आणि चाल काय, दोघी जाळीशी थेट बोलत नाहीत. मध्ये ‘नाडी’ नावाचा दुभाषी लागतो. चालीच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, नाडी-पाचच हवी. वाणीच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, नाडी-चारच चालेल, पाच नको. एकीला आधणाचं पाणी हवं, दुसरीला बर्फाचं, आणि भांडं एकच!

“मग ठेव की दोन्ही नाड्या,” पद्मावती म्हणाली.

“नाही गं आई. जाळीचं दार एकच आहे. दोघांनी एका वेळी मेंदूत शिरायचं नाही, म्हणून मुद्दाम तसं केलंय.”

“म्हणजे हे चालतील तरी, नाहीतर बोलतील तरी?”

त्रिशलानं मान हलवली. पद्मावती पाठीवर हात ठेवून ताठ झाली आणि म्हणाली, “मग आवाज आण परत. पायाचं बघू पुढं. माझं काय अडलंय?”

अण्णांनी डाव्या हातानं वाणी येण्याआधीची जुनी पाटी ओढली आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, ‘चाल राहू दे.’ पद्मावतीनं पदरानं पाटी पुसली. अण्णांनी पुन्हा लिहिलं. तिनं पुन्हा पुसली. तिसऱ्यांदा लिहिताना खडू मोडला, तसं दोघंही एकमेकांकडं असं बघत राहिली की त्रिशलाला तिथं बसवेना. तीस वर्षं जो माणूस आवाजावर जगला तो आवाज सोडायला निघाला होता, आणि जिला वाकता येत नव्हतं ती म्हणत होती, उचलीन की अजून.

त्रिशला पुन्हा वाणीची चिठ्ठी वाचायला लागली. ‘पाच नको.’ का नको, ते त्या चिठ्ठीत नव्हतं. अशा अटी तिनं ढिगानं पाहिल्या होत्या. नवी आवृत्ती तपासायला वेळ नसतो, मग पॅकेज करणारा आपला भीतीपोटी लिहून टाकतो, नको म्हणून. दहापैकी नऊ वेळा अट मोडली तरी सगळं सुरळीत चालतं. तिनं घड्याळ पाहिलं. साडेदहा. मैदान चारला.

तिनं अट मोडून वाणी नाडी-पाचवरच परत बसवायला घेतली. या वेळी प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली आणि मगच ‘हो’ दाबलं.

“...ला! ठोकला रे ठोकला!” अण्णा गरजले. अर्धवट राहिलेला शड्डू आधी पुरा केला माणसानं! मग स्वतःच दचकले. “त्रिशला! अगं, बोलतोय मी! आणि उभा आहे! दोन्ही!”

काय सांगावं त्या घरात पुढची दहा मिनिटं काय चाललं होतं! अण्णा सोप्यातून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून सोप्यात फेऱ्या मारत होते आणि आपल्याच चालण्याचं निवेदन करत होते. “उजवा पाय उचलला, पुढं टाकला, अहाहा, काय तो डौल! डावा म्हणतो मी काय कमी आहे का!” त्रिशला टाळ्या वाजवत होती. समोरच्या काकू खिडकीतून विचारत होत्या, अहो, साखर वाटायची का? पद्मावतीनं सगळ्यांना गरम उप्पीट केलं, अण्णांसमोर बशी ठेवली, आणि कमरेला हात लावून, ओठ दाबून, हळूहळू सरळ झाली.

अण्णांनी चमचा तोंडाकडं नेला. तेवढ्यात स्पीकर बोलला, त्याच खणखणीत मैदानी आवाजात.

“हिची पाठ पार मोडली. मी त्या श्रावणातच गेलो असतो तर बरं झालं असतं. सुटली असती बिचारी.”

समोरच्या घरातला मिक्सर बंद झाला.

अण्णांचा चमचा हवेत तसाच राहिला. मग तो टाकून त्यांनी डाव्या हातानं स्पीकर झाकला. “मी बोललो नाही!” ते म्हणाले. आणि पाठोपाठ लगेच, हाताखालून दबल्या आवाजात, “पण ऐकलं तिनं. आता आत जाणार. दार लावणार.”

पद्मावती आत गेली. दार लागलं.

“लावलं,” स्पीकर म्हणाला.

त्रिशलाला हसावं की रडावं कळेना. तिनं धडपडत वाणीचा बदलांचा इतिहास उघडला, प्रत्येक पॅकेजबरोबर येणारा आणि कुणीच कधी न वाचणारा. तीन वर्षांपूर्वी कुणा अनोळखी माणसानं त्यात लिहून ठेवलं होतं : ‘नाडी-पाचबरोबर वाणी चालवून पाहिली. चालते. पण माणूस न बोललेलंही बोलतो. म्हणून अट घातली आहे. कृपया मोडू नये.’

आता तिला उलगडा झाला. माणूस पाऊल उचलायचं ठरवतो, त्याच्या आधीच मेंदूनं तोल सावरायची तयारी सुरू केलेली असते. ती अगदी बारीक कुजबुज असते. ती ऐकू आली नाही तर यांत्रिक पायाला उशीर होतो आणि माणूस पडतो. म्हणून नाडी-पाचला कुजबुजही ऐकायला शिकवलं होतं. जुनी नाडी-चार मात्र ठणठणीत हाकच ऐकायची. आणि आपण मनातल्या मनात बोलतो तेव्हाही जिभेच्या हुकुमाची अशीच कुजबुज मेंदूत उठते, फक्त ती तोंडापर्यंत जात नाही. पायाला जे हवं तेच जिभेला नडलं होतं.

यावर उपाय होता. मधे एक छोटं पॅकेज घालायचं. नाडी-पाच जे ऐकेल त्यातलं सगळं चालीला द्यायचं, पण वाणीला फक्त ठणठणीत हाक पुढं सोडायची, कुजबुज अडवायची. तिनं नाव दिलं ‘उंबरा’ आणि भराभरा लिहायला घेतलं. बोटं थांबत नव्हती. बारा वाजले, साडेबारा झाले.

दार उघडून पद्मावती बाहेर आली. डोळे लाल.

“काय करतेयस गं?”

“दुरुस्ती. मनातलं बाहेर पडणार नाही आता.”

“करू नकोस.”

त्रिशलानं वर पाहिलं.

“करू नकोस म्हणतेय ना! दोन वर्षं मी विचारतेय यांना, काय होतंय, काय वाटतंय? तर म्हणे मजेत! मला सांगलीच्या पैलवानांच्या गोष्टी सांगतात, हसवतात. आणि मनात हे! आज पहिल्यांदा खरं कळलं या माणसाचं. कडू तर कडू. आणि तू दार लावायला निघालीस?”

“बरोबर बोलतेय ती,” स्पीकर म्हणाला. “पण लाज वाटते.” मग अण्णांनी मान वर केली आणि ठरवून, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, “त्रिशला, उंबरा घाल.”

“घाबरलात!” पद्मावती म्हणाली.

“हो.”

तो ‘हो’ त्यांनी म्हटला की मनातून निसटला, ते तिघांपैकी कुणालाच कळलं नाही.

त्रिशला उठली आणि आईजवळ गेली. “आई, तुझं खरं आहे. पण डोकं अण्णांचं आहे. कुणी त्यात डोकवायचं ते त्यांनीच ठरवायचं. मघाशी मी त्यांना न विचारता अट मोडली, तीच माझी चूक झाली. आता परत नाही करणार.”

पद्मावतीनं अण्णांसमोरची उप्पिटाची बशी उचलली. मग म्हणाली, “घाल बाई. पण आज मी यांच्याशी बोलणार नाही.”

उंबरा बसला. अण्णा “पाणी दे” म्हणाले तर पाणी, एवढंच ऐकू आलं.

तीनला जीप आली. पहिले आठ दिवस सोबतीला कुणीतरी चालायलाच हवं, असं चालीच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं. पद्मावतीनं इरकली नेसली, कोपराला धरून नवऱ्याला जीपमध्ये बसवलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, पण मैदान तिनं कधी जवळून पाहिलं नव्हतं. पुढच्या सीटवर त्रिशलाच्या हातात फोन होता. उंबरा कुठले शब्द अडवतो ते नोंदवून ठेवायचा नाही, ते तिनं मुद्दामच टाळलं होतं. पण किती अडवले तेवढा आकडा दिसायचा. जयसिंगपूर सोडताना चाळीस. नदीच्या पुलावर दोनशे. आंबेवाडीच्या वेशीत चारशे बारा. अण्णा सगळी वाट अवाक्षर बोलले नव्हते.

हलगी वाजत होती. पाच हजार माणूस. अण्णा जीपमधून उतरले, आणि लोकांच्या आधी ध्यानातच येईना. मग कुणीतरी ओरडलं, “अण्णा चालतायत!” अन् काय तो गलका! टोप्या उडाल्या, फेटे उडाले, हलगीवाला वाजवायचं विसरला. उजवा, डावा, उजवा, डावा, तांबड्या मातीतून चाळीस पावलं अण्णा चालले, आणि कोपराला धरून, कुणाकडं न बघता पद्मावती चालली. मधोमध पोचल्यावर तिनं हात सोडला आणि पहिल्या रांगेत लेकीजवळ येऊन बसली.

अण्णांच्या गळ्याशी माईक लावला. पहिली जोड लांग कसून तयार होती.

“मंडळी!” अण्णा म्हणाले, आणि पाच हजार माणूस चिडीचूप झालं. “आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. पैलवानाचं नाव घ्यायचं, तर आधी त्याच्या वस्तादाचं घ्यायचं. आज मैदानात पहिला उतरलेला गडी मीच. भूपाल मगदूम, वय सदुसष्ट. वजन बायकोला विचारा, तिनं दोन वर्षं रोज उचललंय.”

लोक हसले. त्रिशलानं फोनकडं पाहिलं. चारशे बारा.

“तर माझा वस्ताद, पद्मावती मगदूम, अकरावी गल्ली! या वस्तादानं मला एकदाही पाठ टेकू दिली नाही, स्वतःची मोडून घेतली. आणि मी कसला पठ्ठा? तिला रोज खोटं सांगितलं, मजेत आहे म्हणून. आज सकाळी माझ्या मनातलं आमच्या गल्लीनं ऐकलं. ते चोरून निसटलं होतं. आता मी ठरवून बोलतोय, तुम्हा सगळ्यांच्या साक्षीनं. वस्ताद, मला भीती वाटते. तुला ओझं झालोय असं वाटतं. पहाटे जाग आली की रडू येतं. ते तुला सांगायला हवं होतं, ते सांगतोय. आणि मला मरायचं नाही. तुझ्यासंगं अजून पुष्कळ जगायचंय.”

चारशे बारा. आकडा तसूभरही हलला नव्हता. उंबऱ्याला अडवायला काही सापडलंच नव्हतं.

पाच हजार माणसं पहिल्या रांगेकडं बघायला लागली. पद्मावती उठली. पदर डोळ्यांना लावला, मग कमरेला खोचला, आणि जिचा आवाज गल्लीनं चाळीस वर्षांत धड ऐकला नव्हता ती बाई माईकशिवाय ओरडली,

“मग जगा की! कुणी अडवलंय? आणि कुस्ती लावा आधी, पोरं मघापासून ताटकळलीत!”

हलगी कडाडली.